लिंबाचा कानोसा

लिंबाला कीड लागत नाही, हे आमच्या कौठेवाडीत बाराखडीच्या आधी शिकवतात. लिंब म्हणजे कडुलिंब. ज्वारीच्या कणगीत त्याचा पाला, बाळंतिणीच्या पाण्यात त्याचा पाला, कपड्यांच्या ट्रंकेत त्याचा पाला. कीड पळवायची ती लिंबानं. अशा गावात नागपंचमीच्या सकाळी, नव्या साड्या नेसून आलेल्या बायकांसमोर उभं राहून "तुमच्या लिंबाला आतून किडे खातायत" असं म्हणायचं म्हणजे काय दिव्य असतं, ते माझं मला माहीत!

मी अक्षदा. पुण्यात झाडांची तपासणी करणाऱ्या एका कंपनीत काम करते. मी तापट आहे असं घरचे म्हणतात. मी तापट नाही, लोक वेडेपणा करतात, त्याला मी काय करू? आता शहरात मोठ्या झाडांच्या गळ्यात काळ्या मण्यांची माळ सर्रास दिसते. तेव्हा ती अगदी नवीन होती. आम्ही तिला 'कानोसा' म्हणायचो, आणि तेच नाव पुढे टिकलं.

माळेतला प्रत्येक मणी म्हणजे एक कान. खोडाभोवती माळ घालायची आणि एका मण्यावर टिचकी मारायची. धडधाकट लाकडातून आवाज सरळ आणि झपाट्यानं जातो. लाकूड कुजलेलं असेल तर तो अडखळतो, वळसा घालून उशिरा पोहोचतो. असे शेकडो आवाज जमले की खोडाचं आतलं चित्र पडद्यावर उमटतं, कलिंगड आडवं कापल्यासारखं. इतपत जुनंच होतं. आम्ही शोधलं ते पुढचं. लाकूड खाणारी बुरशी जेवताना तिच्या तंतूंमधून विजेचे बारीक झटके जातात. त्या झटक्यांवरून कानोसा सांगायचा, आत कोण जेवतंय, किती वेगानं, आणि उरलेलं लाकूड किती भार पेलेल. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा मी प्रयोगशाळेत चक्क नाचले होते.

मग त्या बुरशीमागून एक भुंगेरा सापडला. हा भुंगेरा साल फाटलेली जागा हुंगून काढतो आणि तिथं अंडी घालतो. अंड्यांबरोबर स्वतःच्या अंगावरची बुरशीही आत सोडतो. बुरशी लाकूड मऊ करते, अळ्या ते खातात, अळ्यांनी पाडलेल्या बोगद्यांतून बुरशी पुढे सरकते. दोघांची पक्की भागीदारी. आणि ही बुरशी लिंबाचा कडूपणासुद्धा मोडून टाकते! हा शोध आमचा. म्हणजे लिंबाची सगळी मिजास संपली. ही बातमी मला गावात सांगायची होती. सुट्टी घेऊन, एक कानोसा पिशवीत टाकून मी पंचमीला माहेरी आले ती नुसती उड्या मारतच.

वेशीजवळचा आमचा लिंब म्हणजे गावाची शान. त्याच्या एका आडव्या फांदीला दरवर्षी पंचमीचा झोका बांधतात. त्याच फांदीला, त्याच जागी. पहिला झोका बायडाआत्तीचा. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि ती कौठेवाडीला परत आली. त्या पंचमीला बायका कुजबुजल्या, की हिनं झोक्यावर बसावं की बसू नये. आत्तीनं कुणाला विचारलंच नाही. पदर खोचला, पाटावर उभी राहिली आणि असा झोका चढवला की शेंड्याची पानं गळाली. त्या दिवसापासून पहिला झोका तिचा. दुसरी कुणी तो मागायची हिंमत केली नाही. मला लहानाचं मोठं केलं ते तिनंच, त्यामुळे दुसरा झोका माझा असायचा.

पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिला हौसेनं लिंबाखाली नेलं.

"आत्ती, हे बघ माझं यंत्र. झाडाच्या पोटातलं ऐकू येतं."

"डाक्टर लावतोय तसं?"

"तसंच!"

तिनं कौतुकानं माळ हातात घेतली, खोडाभोवती फिरून ती बांधायला मला मदत केली. मी टिचक्या मारल्या. खोडाचं चित्र आलं. मधे पोकळ, पण सभोवतालची भिंत चांगली जाड, हिरवीगार. मग मी शिडीवर चढून झोक्याच्या फांदीच्या बेचक्यात माळ लावली आणि कानात बटण घातलं. आत अळ्यांची नुसती पंगत बसली होती. चित्रात मात्र त्या जागी राखाडी डाग होता. हिरवं म्हणजे धडधाकट, राखाडी म्हणजे यंत्राला माहीत नाही.

"इथं काय आहे गं आत्ती? आवाज जातच नाही."

"सिमिट हाय," आत्ती अभिमानानं म्हणाली. "लई वर्सं झाली. बेचक्यात ढोली पडली हुती. म्या गवंडी बोलावून भरून घेतली, दाढ भरत्यात तशी. वर गिलावा केला. आता फांदी पक्की."

मी कपाळावर हात मारला. झाड वाऱ्यानं हलतं, सिमेंट हलत नाही. दोघांमधे फट पडते, फटीत पाणी मुरतं, आणि बुरशीला आणखी काय हवं! दोरानं वर्षानुवर्षं साल घासली, तिथून भुंगेरा शिरला, आणि आत्तीनं बाहेरून दार लिंपून त्याला मस्त ओलसर घर बांधून दिलं. शिवाय त्या सिमेंटच्या गोळ्यामागं लाकूड किती उरलंय, हे माझ्या यंत्राला दिसत नव्हतं.

"आत्ती, उद्या या फांदीला झोका नको. आत कीड आहे."

आत्ती आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं की मी थट्टा करत नाही.

"अक्षे, पुण्याला जाऊन शिकलीस आन् लिंबाला कीड म्हंतीस? उद्या म्हणशील मिठाला मुंग्या लागल्या. चल, पुरणाची दिंडं करायचीत."

आणि ती निघून गेली. मला असला राग आला!

पंचमीची सकाळ उजाडली. बायका नटूनथटून आल्या, लाह्यांची ताटं आली, दोर बांधला गेला. माझा चुलत भाऊ संग्राम मंडळाचा साउंड लावून तयार होता. माणसाएवढे दोन खोके, गाणी सुरू व्हायची बाकी. मला एकदम सुचलं. मी संग्रामला बाजूला घेतलं.

"तुझ्या साउंडला माझं यंत्र जोड."

"ताई, गाणी हायत का त्यात?"

"जोड तर!"

माळ कालपासून बेचक्यातच होती, त्यानं तिला वायर जोडली. मी आवाज वाढवला. खोक्यांमधून आधी खरखर आली, मग सगळ्या वेशीवर घुमायला लागलं, कुरूम, कुरूम, कुरूम. एक अळी थांबली की दुसरी. मधूनच सगळ्या एकदम.

"ह्ये काय?" कुणीतरी विचारलं.

"आपला लिंब," मी म्हणाले. "तुमच्या डोक्यावरची फांदी. हे खाण्याचे आवाज आहेत."

लाह्या चघळणारी तोंडं जागच्या जागी थांबली. एका बाईनं फांदीकडं बघून हातातलं ताट खाली ठेवलं. "अगं बया, चावत्यात की!" म्हणत सगळ्या मागं सरकल्या. तुम्हाला सांगते, इतका आनंद मला पगारवाढीचाही झाला नव्हता. लिंबाला कीड लागते हे कौठेवाडीनं स्वतःच्या कानांनी ऐकलं!

माझा आनंद टिकला किती, तर संग्राम घरी जाऊन येईपर्यंत. तो आला ते साखळीची करवत घेऊन, मागं मंडळाची पोरं.

"सरका समदी! आडवंच करतो. उद्या घरावर पडलं म्हंजी?"

हेच मी शहरात पाहिलं होतं. एका सोसायटीत आम्ही एका झाडातला अळीचा आवाज ऐकवला, तर त्यांनी घाबरून आवारातली सगळी झाडं आडवी केली. त्यातली बहुतेक ठणठणीत होती. आधी विश्वास नाही, आणि बसला की इतका बसतो की विचारूच नका.

"करवत खाली ठेव!" मी ओरडले. "झाड कुणी पाडायचं नाही."

"ताई, आत्ताच तू म्हणलीस कीड हाय!"

"फांदीत आहे. खोड पोकळ आहे, पण भिंत जाड आहे. बांबू पोकळ असतो, मोडतो का पटकन? पोकळ म्हणजे कमकुवत असं नाही रे बाबा!"

त्याला ते पटलं नाही. पण त्याच्या आणि झाडाच्या मधे आत्ती येऊन उभी राहिली होती.

"संग्राम, आज सण कुठला?"

"पंचमी."

"आज घरात कुणी विळी घेतली? चुलीवर तवा चढला? आज भाजी चिरत न्हाईत, आन् तू लिंब चिरणार?"

संग्रामनं करवत जमिनीवर ठेवली. पंचमीला काही कापायचं नाही, या नियमापुढं मंडळाचीही टाप नाही. मी सुटकेचा श्वास टाकला आणि वळून बघते तर आत्ती पदर खोचत झोक्याकडं निघालेली!

"आत्ती! कुठं चाललीस?"

"झोका घ्यायला. पयला झोका माझा."

"ऐकलंस ना आत्ता?"

"ऐकलं. चार किडं खात असतील. फांदी केवढी हाय बघ. तुझं यंत्र सांगतंय का, आज मोडंल म्हणून?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी पडदा पाहिला. राखाडी.

"नाही सांगत," मी म्हणाले. "सिमेंटमुळे त्याला कळत नाही."

"मग गप बस."

तिनं पाटाला हात घातला. मी धावत जाऊन दोर धरला. ती एकीकडं ओढतेय, मी एकीकडं, सणाच्या दिवशी, सगळ्या गावासमोर! मला रडूच फुटलं.

"आत्ती, तू पडलीस तर मी कुणाकडं येऊ? माझं माहेर म्हणजे तू आहेस गं!"

तिचा हात सैल झाला. पण डोळे तसेच कडक.

"अक्षे, मी आज खाली ऱ्हायली तर पुन्हा मला कोण चढू देईल? तवा कुजबुजल्या त्या आज उघड बोलतील. ह्यो झोका म्हंजी माझी पत हाय गावात."

हे तिनं आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी तिचा हात हातात घेतला.

"मान तुझाच. फक्त तुझ्याआधी वाळू बसू दे. तुझ्या वजनाचं पोतं भरू, त्याला झोका देऊ. झोका उंच चढला की खाली येताना फांदीवर वजन दुप्पट-तिप्पट पडतं. तेवढं तिनं पेललं तर तू बस, मी स्वतः धक्का देते."

"पयला झोका वाळूला?" आत्ती भडकलीच. "पन्नास वर्सं मी, आन् औंदा पोतं?"

आत्तीनं एकदा फांदीकडं बघितलं, एकदा त्या कुरूम कुरूम करणाऱ्या खोक्यांकडं. मग हनुवटी वर केली.

"माझं हिरवं लुगडं आणा. त्ये नेसवा पोत्याला. म्हंजी झोका माझाच झाला."

मग काय धमाल उडाली! पोरांनी पोत्यात वाळू भरली. आत्तीचं वजन किती यावर वाद झाला, तिनं काट्यावर उभं राहायला साफ नकार दिला, म्हणून पोरांनी अंदाजानं थोडी जास्तच भरली आणि शिव्या खाल्ल्या. बायकांनी पोत्याला लुगडं नेसवलं, पदर दिला. आत्तीनं स्वतः निऱ्या नीट केल्या. पोतं पाटावर बसवून घट्ट बांधलं. पाटाला एक लांब दोर बांधून पोरं दूर रस्त्यावर उभी राहिली. बाकी सगळ्यांना मी फांदीच्या उंचीच्या दुप्पट लांब नेलं. साउंड चालूच होता.

"ओढा!"

पोतं हललं. पहिले दोन-तीन झोके लहान. बायकांना चेव आला, त्यांनी गाणं धरलं, आत्तीनं टाळ्यांनी ठेका दिला. पोरं तालावर दोर ओढायची आणि ढिला सोडायची. झोका वाढत गेला. हिरवा पदर फडफडायला लागला. खरं सांगते, लांबून बघताना आत्तीच वाटत होती.

खोक्यातलं कुरूम कुरूम थांबलं. अळ्यांनाही हादरे कळले असणार. मग त्या शांततेत एक नवा आवाज आला. कट्.

गाणं बंद पडलं.

"सोडा दोर!" मी किंचाळले. पोरांनी घाबरून दोर टाकून दिला. पण झोका असा थोडाच थांबतो? पोतं गेलं, आलं. कट्. गेलं, आलं. कट्, कट्. लाकडाचा एकेक तंतू तुटताना अख्ख्या वेशीवर ऐकू येत होता. संग्राम पाट धरायला धावला, मी त्याचा सदरा धरून मागं ओढला. वर बेचक्यात गिलाव्याला भेग पडलेली आता डोळ्यांनी दिसत होती. आत्तीनं माझा दंड इतका घट्ट पकडला की नंतर तिथं वळ उठले. पोतं पुन्हा वर गेलं, क्षणभर थांबलं, आणि खाली येताना फांदी बेचक्यातून सुटली.

जमीन हादरली. धुरळा उडाला. साउंडमधून एक भयंकर आवाज आला आणि एक खोका कायमचा गेला.

धुरळा बसला तेव्हा आम्ही पुढं गेलो. फांदी पोत्यावर आडवी पडली होती. तुटलेल्या टोकाचं लाकूड पांढरं, ओलं, बोटानं कुस्करावं असं. त्यात अंगठ्याएवढ्या गोऱ्या अळ्या वळवळत होत्या. आणि सिमेंटचा तो सगळा गोळा निखळून बरोबर पोत्याच्या वरच्या टोकावर येऊन बसला होता. हिरव्या पदरातून वाळू गळत होती.

आत्तीनं वाकून त्या गोळ्याला हात लावला.

"म्याच भरलं हुतं ते," ती म्हणाली. "माझ्याच हातानं."

"झाड जगावं म्हणून भरलंस गं. त्या वेळी सगळे तेच करायचे."

"आता समदंच पाडावं लागंल?"

मी आधीच शिडी लावली होती. फांदीबरोबर पडलेली माळ झटकून जखमेच्या खाली खोडाला घातली, टिचकी मारली. आता मधे सिमेंट नव्हतं. पडद्यावरचा राखाडी डाग नाहीसा झाला आणि कुजका भाग स्पष्ट दिसला. तो फांदीबरोबर जवळजवळ सगळाच निघून आला होता. खालची भिंत सगळी हिरवी. मी वरूनच ओरडले, "नाही पाडायचं! उभं राहतंय! आत्ती, तुझा लिंब उभा राहतोय!"

टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या. बायका पुढं येऊन खोडाला हात लावायला लागल्या. संग्राम करवतीकडं बघत मान खाजवत म्हणाला, "आत्ती, तेवढी जखम नीट कापून घेतो. उद्या."

"उद्याच," आत्ती म्हणाली. "आज पंचमी हाय." आणि मग ती हसली.

त्या वर्षी झोका झाला नाही. आत्तीबद्दल कुणी कुजबुजलंही नाही, कारण तिच्या लुगड्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

पुढच्या पंचमीला मी पुन्हा गेले. आत्तीनं शाळेमागची चिंच आधीच हेरून ठेवली होती. तिनंच माळ घातली, तिनंच टिचकी मारली, आणि चित्र बघून "हिरवं हाय गं!" असं गावभर ओरडली. दोराखाली जुन्या सायकलीचा टायर घातला होता, साल घासू नये म्हणून. दरवर्षी वेगळी फांदी घ्यायची, असा तिचा हुकूम होता. संग्रामनं नवा खोका आणला होता.

आणि पाटावर पोतं बसलं होतं. नवं कोरं हिरवं लुगडं नेसलेलं, कपाळाच्या जागी कुंकू लावलेलं. बायका त्याला 'धाकल्या बायडाबाई' म्हणत होत्या. कौठेवाडीत तेव्हापासून पहिला झोका पोत्याचा असतो, आणि हा मान त्याच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

धाकल्या बायडाबाईंचा झोका झाला. फांदी शांत, खोके शांत. आत्तीनं पोतं सोडवलं, पदर खोचला आणि पाटावर उभी राहिली.

"पन्नास वर्सांत पयल्यांदा माझा दुसरा नंबर," ती कुरकुरली.

"आणि माझा तिसरा," मी म्हणाले आणि धक्का दिला.

ती वर गेली, पार फांदीच्या उंचीपर्यंत. तिथून तिनं ओरडून विचारलं, "अक्षे! काय ऐकू येतंय का गं?"

सगळ्यांनी खोक्याकडं कान लावले. काहीच नव्हतं. ना कुरूम, ना कट्.

"काय न्हाई!" आम्ही सगळ्या बायका एकदम ओरडलो.

"मग बघताय काय? द्या की जोरात!"